खंडेराव यायला एकतीस वर्षं लागली

१५ जुलै २०१० रोजी भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ प्रकाशित झाली, तेव्हा त्यांची आधीची कादंबरी ‘झूल’ येऊन एकतीस वर्षं उलटली होती. १९७९ साली जळगावच्या किंवा धुळ्याच्या कॉलेजात शिकताना ज्यानं ‘झूल’ वाचली, तो वाचक आता पन्नाशीला टेकला होता. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मुलं शिकायला पुण्या-मुंबईला गेली, गावाकडच्या शेताच्या वाटण्या झाल्या. आणि नेमाडे ‘हिंदू’ लिहिताहेत ही बातमी अधूनमधून कानावर येत राहिली. कादंबरी अखेर आली ती पॉप्युलर प्रकाशनाकडून, सहाशेहून अधिक पानांची. त्यातही हा एका नव्या चतुष्टयाचा पहिलाच भाग आहे, असं सांगत आली.

मराठीत एखाद्या गंभीर कादंबरीची इतकी वाट क्वचितच पाहिली गेली असेल. ती वाचून संपवल्यावर किंवा अर्ध्यावर मिटवून ठेवल्यावर अनेकांचा जो हिरमोड झाला, तोही त्याच मापाचा होता. तक्रारी सगळीकडे साधारण सारख्या होत्या. गोष्ट पुढे सरकत नाही. माणसं येतात, दोन पानं बोलतात आणि नाहीशी होतात. पिढ्या, नाती, जाती, पंथ यांची एवढी गर्दी होते की नायक कुठे हरवला तेच कळत नाही. नायक खंडेराव बोलतो तेव्हा कादंबरीतला तरुण बोलतोय की ‘टीकास्वयंवर’ लिहिणारे समीक्षक नेमाडे बोलताहेत, असा प्रश्न पडतो. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक तक्रार होती, जी बहुतेकांनी शेवटी बोलून दाखवली: ही ‘कोसला’ नाही.

खानदेशात ही निराशा जरा जास्त जिव्हारी लागली. नेमाडे १९३८ साली जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीत जन्मले. पुढे नगर, धुळे, औरंगाबाद अशा गावांतून त्यांनी इंग्रजी शिकवलं. लंडनला, गोव्याला, मुंबईला गेले, तरी लिहिताना ते पुनःपुन्हा तापीच्या खोऱ्यात परतले. इथल्या वाचकाला त्यांच्या कादंबऱ्यांतली शेतं, गडीमाणसं, आडनावं आणि बोलण्याचा हेल ओळखीचा. पुण्याच्या वाचकाला जो तपशील अनोळखी म्हणून कंटाळवाणा वाटला, तोच इथल्या वाचकाला घरचा. त्यामुळे खानदेशातला वाचक कादंबरीवर रागावला तेव्हा तो घरच्या माणसावर रागावतो तसा रागावला. त्या रागाचं नीट वाचन झालं पाहिजे, कारण त्यात कादंबरीमालिका कशी वाचली जाते याची बरीच उत्तरं आहेत.

मुळात नेमाड्यांची पहिली कादंबरी ‘कोसला’ कोणत्याच मालिकेचा भाग नव्हती. १९६३ साली देशमुख आणि कंपनीनं ती काढली तेव्हा नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. सांगवीच्या खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, होस्टेलवर राहतो, मेसचे हिशेब आणि कॉलेजातली मंडळं यांत गुंततो, कर्ज करून ठेवतो, नापास होतो आणि गावी परततो. एवढीच गोष्ट. पण ती ज्या आवाजात सांगितली आहे तो आवाज मराठीनं तोवर ऐकला नव्हता. बहीण मनी देवीच्या रोगानं जाते, तो भाग वाचून ज्याला हुंदका आला नाही असा वाचक मिळणं कठीण. एरवी सगळ्याची टर उडवणारा पांडुरंग तिथे एकदम उघडा पडतो. देवीचा रोग भारतातून १९७५ साली गेला. आजच्या विद्यार्थ्याला तो काय असतो हे समजावून सांगावं लागतं, मनीचं जाणं मात्र समजावून सांगावं लागत नाही.

‘कोसला’त आणखी एक भाग आहे, ज्याची आठवण ‘हिंदू’वर बोलताना फारशी कुणी काढत नाही. पांडुरंग आणि त्याचा मित्र सुरेश आपल्याच काळाकडे भविष्यातल्या इतिहाससंशोधकाच्या नजरेनं पाहतात. जणू कित्येक शतकं उलटली आहेत, आजचं जग मातीखाली गेलंय, आणि कुणी पंडित पुराव्यांवरून त्याचे अर्थ लावतोय. आपल्याच वर्तमानाला भूतकाळ करून टाकायचं हा खेळ अस्सल विज्ञानकथेचा आहे. नेमाड्यांना विज्ञानकथाकार म्हणायचं कुणाच्या मनात येणार नाही आणि यायचं कारणही नाही. पण काळाच्या दुर्बिणीतून आजकडे पाहण्याची ही युक्ती त्यांना पंचविसाव्या वर्षी सुचली होती, आणि सत्तेचाळीस वर्षांनी त्यांनी ज्याला नायक केलं तो खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक निघाला, मोहेंजोदडोत उत्खनन करणारा. जो खेळ पांडुरंग-सुरेश होस्टेलच्या खोलीत खेळत होते, तोच खंडेरावाचा पेशा झाला. पहिल्या पुस्तकातलं बी शेवटच्या पुस्तकात असं उगवलेलं दिसतं.

मग मधल्या पुस्तकांचं काय? ‘बिढार’ आणि ‘हूल’ १९७५च्या, ‘जरीला’ १९७७ची, ‘झूल’ १९७९ची. चारही कादंबऱ्यांचा नायक एकच, चांगदेव पाटील. आधी मुंबईत शिकणारा, लघुनियतकालिकांच्या गोतावळ्यात वावरणारा, नंतर पोटासाठी लहान-लहान गावांतल्या कॉलेजांत इंग्रजी शिकवत बिऱ्हाड हलवत जाणारा. ‘कोसला’वर लुब्ध झालेल्या वाचकाची पहिली निराशा झाली ती इथे, २०१०च्या कितीतरी आधी. त्याला पांडुरंगच पुन्हा हवा होता, तोच ‘मी’, तोच मस्तवाल आणि दुखरा सूर. मिळाला तो तृतीयपुरुषात सांगितलेला, संयमी, थकणारा, संस्थाचालकांच्या जातीच्या राजकारणात चेंगरणारा प्राध्यापक. चार पुस्तकं आणि चारही सावकाश. ‘कोसला’चे भक्त हळूहळू गळत गेले आणि चांगदेवाचे वाचक मूठभर राहिले. ते मात्र कडवे राहिले.

लेखकानं आपल्या मालिकेला काय नाव द्यायचं हे लेखकाच्या हाती असतं. मालिका कुठे सुरू होते हे वाचक ठरवतो. नेमाड्यांच्या हिशेबात ‘कोसला’ स्वतंत्र, चांगदेवाचं चतुष्टय स्वतंत्र, खंडेरावाचं स्वतंत्र. वाचकाच्या हिशेबात पांडुरंग, चांगदेव आणि खंडेराव ही एकाच घरातली तीन मुलं आणि १९६३ पासून चाललेली ही एकच दीर्घ मालिका. या दोन हिशेबांत जो फरक राहिला तिथेच बराचसा अपेक्षाभंग साठत गेला.

असाच फरक जगाच्या दुसऱ्या टोकाला, विज्ञान कादंबऱ्यांच्या दुनियेत, फार ठळकपणे दिसतो. आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’च्या कथा १९४२ ते १९५० या काळात जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आल्या आणि १९५१, १९५२ आणि १९५३ अशा तीन वर्षांत तीन पुस्तकं झाली. आकाशगंगेचं साम्राज्य कोसळणार हे हॅरी सेल्डन नावाचा गणिती आधीच ओळखतो आणि अंधारयुग तीस हजार वर्षांऐवजी हजार वर्षांत संपावं म्हणून योजना आखतो, ही मूळ कल्पना. असिमोव्ह तेव्हाच या मालिकेला कंटाळले होते. त्यांनी ती सोडून दिली ती एकोणतीस वर्षं. वाचकांनी मात्र सोडली नाही. प्रकाशकाच्या आग्रहावरून १९८२ साली ‘फाउंडेशन्स एज’ आली, अमेरिकेतल्या खपाच्या याद्यांत गेली, पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. आणि तरीही जुने वाचक कुरकुरले. लांबच लांब संवाद, यंत्रमानवांच्या वेगळ्या कादंबऱ्यांशी ओढूनताणून घातलेली सांगड, आणि मुख्य म्हणजे सेल्डनच्या योजनेलाच बगल देणारी ‘गाया’ नावाच्या ग्रहाची नवी वाट. १९८६ साली ‘फाउंडेशन अँड अर्थ’ आली आणि गाडी तिथेच थांबली. पुढे काय करायचं हे न सुचल्यानं असिमोव्ह मागे वळले आणि सेल्डनच्या तरुणपणाच्या गोष्टी लिहू लागले. त्यातली दुसरी त्यांच्या मृत्यूनंतर, १९९३ साली आली. हजार वर्षांच्या योजनेतली जेमतेम पाचशे वर्षं त्यांच्या हातून लिहून झाली. उरलेली वाचकाच्या डोक्यातच राहिली.

एकोणतीस वर्षं आणि एकतीस वर्षं. इतका काळ पुस्तक आलं नाही की वाचक मनातल्या मनात ते लिहायला घेतो. आधीच्या भागातले दुवे जोडतो, मेलेल्या पात्रांची चौकशी करतो, शेवट कसा असावा हे ठरवून टाकतो. प्रत्यक्ष पुस्तक येतं तेव्हा त्याची स्पर्धा आधीच्या पुस्तकाशी नसतेच, या मनातल्या पुस्तकाशी असते, आणि तिथे कुठलाही लेखक जिंकू शकत नाही. शिवाय वाचकही तोच उरलेला नसतो. अठराव्या वर्षी ‘कोसला’ वाचताना पांडुरंग आपला वाटतो; पन्नाशीत तीच वाचली तर पांडुरंगाच्या वडिलांचा, पोराच्या खर्चाला पैसे पुरवून थकलेल्या बापाचा, कळवळा येतो. ‘हिंदू’कडे अठराव्या वर्षीच्या आनंदाची मागणी करणाऱ्या वाचकाला तो आनंद ‘कोसला’सुद्धा आता तसाच्या तसा देणार नाही.

वाट पाहण्यानं सगळं स्पष्ट होत नाही, हे फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’वरून कळतं. तिथे वाचक चार वर्षांतच बिथरला. वीसेक प्रकाशकांनी नाकारलेली ‘ड्यून’ १९६५ साली चिल्टन या कंपनीनं काढली, जिची ख्याती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी होती. त्याआधी ती कॅम्पबेल यांच्याच मासिकात क्रमशः येऊन गेली होती. वाळवंटी ग्रहावरचा पॉल अट्रेडीस सूड घेतो, सम्राट होतो, आणि वाचक टाळ्या वाजवतो. १९६९च्या ‘ड्यून मसीहा’त हाच पॉल आपल्याच नावानं पेटलेल्या धर्मयुद्धाचा कैदी झालेला दिसतो, आंधळा होतो आणि वाळवंटात निघून जातो. कॅम्पबेल यांनी हे हस्तलिखित परत केलं. त्यांना आणि त्यांच्या वाचकांना जिंकणारा नायक हवा होता. हर्बर्ट यांना मुळापासून सांगायचं होतं ते हेच, की लोक ज्या पुढाऱ्याला देव करतात तो त्यांना खड्ड्यात घालतो. म्हणजे वाचकाचा विरस हाच लेखकाचा हेतू होता. चांगदेवाच्या बाबतीत नेमाड्यांनी काहीसं असंच केलं. पांडुरंगाची बंडखोरी तरुणांनी डोक्यावर घेतली होती. तिच्या पुढे नोकरी, बदली, खोलीचं भाडं, संस्थाचालकाची मर्जी असं सगळं येतं, हे त्यांनी चार पुस्तकं खर्ची घालून दाखवलं. बंडखोरीची चटक लागलेल्या वाचकाला ते आवडलं नाही. इथे दोष वाचकाचा जास्त आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मराठी विज्ञानकथेत मात्र अशा दीर्घ मालिका फारशा रुजल्या नाहीत. सुरुवात खरी क्रमशः लेखनातूनच झाली होती. कोचीनहून निघणाऱ्या ‘केरळ कोकिळ’ मासिकानं विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ म्हणून हप्त्याहप्त्यानं छापलं. पुढे व्हर्न घरोघरी गेला तो भा. रा. भागवतांमुळे. पण मराठी विज्ञानकथा वाढली ती स्पर्धांत, मासिकांत आणि दिवाळी अंकांत. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप, आणि त्यामागे होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतलं होतं. पुढे त्यांनी ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशा कादंबऱ्या लिहिल्या, पण प्रत्येक स्वयंपूर्ण. दुसरा भाग नाही, तिसरा नाही. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचं बळही बहुतांशी कथेत. दिवाळी अंकाच्या पंधरा-वीस पानांत एक कल्पना उभी राहते आणि संपते. वाचक तृप्त होतो, पण त्याला तीस वर्षं एखाद्या जगात राहायला मिळत नाही. रुसण्याइतकी जवळीकही मग होत नाही. २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनात नारळीकर अध्यक्ष झाले, विज्ञानकथेला मान मिळाला. त्यांनी आपल्या एखाद्या कादंबरीचं जग आणखी दोन पुस्तकं पुढे नेलं असतं तर, ही हुरहुर मात्र राहते.

मराठी वाचकाला मालिका ठाऊक होती ती रहस्यकथेतली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. झुंजार आणि काळा पहाड यांची नावं फिरत्या वाचनालयांतून खेड्यापाड्यांत पोचली. नारायण धारपांचे समर्थ असेच पुस्तकामागून पुस्तकात येत राहिले. जर्मनीत ‘पेरी ऱ्होडान’ ही अंतराळकथांची मालिका १९६१ पासून दर आठवड्याला येते आहे, लेखक बदलत गेले, तिचा तीन हजारावा अंक २०१९ साली निघाला. या जातीच्या मालिकेत एखादा भाग फसला तर वाचक फार दुखावत नाही. पुढचा अंक येणारच असतो आणि झुंजार कालच्यापेक्षा आज म्हातारा झालेला नसतो. नेमाडे, असिमोव्ह, हर्बर्ट यांच्या मालिकेत माणसं बदलतात, मरतात, हरतात, म्हणून वाचकाचं मन तिथे अडकतं आणि दुखावतं.

आणि कधीकधी वाचक दुखावतही नाही, विसरून जातो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्या श्यामची गोष्ट त्यांनी पुढेही नेली. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’, ‘श्यामचा जीवनविकास’ अशी पुस्तकं आहेत. अमळनेरात साने गुरुजींचं नाव आजही आदरानं घेतलं जातं, २०२४चं अखिल भारतीय संमेलन तिथेच भरलं, पण आई गेल्यानंतरचा श्याम किती जणांनी वाचला आहे? पहिल्या पुस्तकात आई होती. ती गेल्यावर वाचकाला श्यामचं काय झालं याची फारशी ओढ उरली नाही. मालिकेच्या नशिबात निराशेपेक्षा वाईट गोष्ट असते ती ही.

‘हिंदू’च्या वाट्याला ती आली नाही. तिच्यावर लोक भांडले, आजही भांडतात. कादंबरीतल्या लमाण स्त्रियांविषयीच्या मजकुरावर बंजारा समाजातून आक्षेप आले, तक्रारी झाल्या. गावगाड्यातल्या सगळ्या जातीजमातींना पोटात घेणारी कादंबरी म्हणून तिचा गौरव झाला होता, त्यामुळे या आक्षेपाला वजन आहे. आपल्याविषयी असं लिहिलं गेलं म्हणून दुखावलेला वाचक आणि गोष्ट लांबली म्हणून कंटाळलेला वाचक यांना एका रांगेत बसवता येत नाही. पहिल्याचं म्हणणं शैलीच्या चर्चेत बुडवून टाकणं अन्यायाचं आहे.

कादंबरीच्या बाजूनं जे बोलायला हवं तेही खानदेशातूनच बोललं पाहिजे. खंडेराव मोहेंजोदडोत खणत असताना वडील अखेरच्या आजारात असल्याचं कळतं आणि तो मोरगावला परततो, ही चौकट. शेतकऱ्याच्या पोरानं पुरातत्त्वाच्या मागे लागावं हे अनेकांना ओढूनताणून आणलेलं वाटलं. पण ज्या मातीत खंडेराव वाढला ती माती स्वतःच उत्खननाची आहे. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळला १९५०च्या दशकात उत्खनन झालं. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे इथे १९५४-५५ मध्ये झालं. हे गाव तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये आहे. ताम्रपाषाणयुगातल्या एका संस्कृतीला पुरातत्त्वज्ञांनी नावच तापीकाठच्या सावळदा गावावरून दिलं, आणि तिचा काळ आजपासून सुमारे चार हजार वर्षं मागे जातो. धुळे जिल्ह्यातल्या कवठ्याला डेक्कन कॉलेजनं तिच्या खुणा खणून काढल्या. नेमाडे स्वतः डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकले, जिथे हसमुख सांकलियांनी पुरातत्त्वाची पिढी घडवली. तापीकाठच्या शेतात नांगराच्या फाळाला जुनं खापर लागणं ही इथे नवलाची गोष्ट नाही. सिंधूकाठचा आणि तापीकाठचा शेतकरी एका दोरीत ओवून पाहण्याची खंडेरावाची धडपड या जमिनीवर उभी आहे.

आणि तरीही, तक्रार करणाऱ्यांचं चुकलं नाही. ‘हिंदू’त घरातल्या आणि गावातल्या माणसांची पानं विलक्षण आहेत: म्हाताऱ्या, सालदार, महानुभाव पंथात गेलेली आत्या, भाऊबंदकीत सुकत गेलेली घरं. तिथे लेखक ऐकतो, आणि वाचकालाही ऐकू येतं. पण जिथे खंडेराव इतिहास, धर्म, जाती यांवर निष्कर्ष काढू लागतो तिथे माणसं मागे सरतात आणि नेमाड्यांच्या देशीवादाची मांडणी पुढे येते. ‘कोसला’तल्या इतिहाससंशोधनाच्या खेळात जी चपळाई होती, हसता हसता ज्ञानाच्या दिमाखाला लावलेला जो सुरुंग होता, तो ‘हिंदू’त गंभीर ज्ञानाच्या कामाला जुंपला गेला. कादंबरीचं वजन वाढलं, धार गेली. पांडुरंगाला काहीच माहीत नव्हतं म्हणून त्याच्यावर विश्वास बसत होता. खंडेरावाला फार माहीत आहे.

पानांच्या संख्येवर मात्र रोष काढायला नको. सहाशे पानं खानदेशातल्या वाचकाला जड नसतात. रात्ररात्र चालणाऱ्या भारूड-कीर्तनाची आणि पोथीच्या पारायणाची सवय असलेला हा मुलूख आहे. जळगावचं व. वा. वाचनालय किंवा धुळ्याचं गरुड वाचनालय यांसारख्या जुन्या संस्थांनी इथे पिढ्यान्‌पिढ्या जाड पुस्तकं घरोघरी पोचवली. मालिकेचा वाचक वाचनालयाच्या भरवशावर वाढतो, आणि तिथली त्याची एक खास अडचण असते: ‘बिढार’ मिळते, ‘जरीला’ मिळते, ‘हूल’ कुणीतरी नेलेली असते. मग तो तिसरी आधी वाचतो, दुसरी नंतर, कधीकधी दुसरी राहूनच जाते. चांगदेवाच्या चतुष्टयाची कीर्ती ‘कोसला’एवढी न पसरण्यात अशा फुटकळ कारणांचाही वाटा असणार.

‘हिंदू’नंतर नेमाड्यांना २०११ साली पद्मश्री आणि २०१४चं ज्ञानपीठ मिळालं. ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा जळगाव जिल्ह्यात जो आनंद झाला त्यात ‘हिंदू’ अर्ध्यावर सोडलेलेही सामील होते. खंडेरावाच्या पुढच्या भागांची वाट मात्र लांबतच गेली. हर्बर्ट १९८६ साली वारले तेव्हा ‘ड्यून’ची सहावी कादंबरी ऐन मोक्यावर थांबली होती. मुलगा ब्रायन हर्बर्ट आणि केव्हिन अँडरसन यांनी वडिलांच्या टिपणांच्या आधारे २००६ आणि २००७ साली तिचा शेवट केला. जुन्या वाचकांतल्या पुष्कळांना तो रुचला नाही. नेमाड्यांच्या बाबतीत असा दुसरा हात कल्पनेतही बसत नाही. कथानक पुढे नेता येईल, पण तो कान कुठून आणणार? म्हणून खंडेरावाचं चतुष्टय पुरं होवो वा न होवो, जे लिहून झालंय त्याचा हिशेब आता वाचकानं नव्यानं करायला हवा, आणि तो करताना नजर पहिल्या आणि शेवटच्या पुस्तकावरून काढून मधल्या चारांवर आणायला हवी.

कारण ‘कोसला’च्या प्रेमानं आणि ‘हिंदू’च्या वादानं सर्वांत जास्त नुकसान झालं ते चांगदेव पाटलाचं. ‘बिढार’ ते ‘झूल’ या चार पुस्तकांत महाराष्ट्रातल्या लहान गावांतली कॉलेजं कशी उभी राहिली, नेमणुका कुणाच्या शब्दावर झाल्या, कोणत्या जातीचा विभागप्रमुख कोणत्या जातीच्या सहकाऱ्याला कसा वागवतो, परक्या गावात खोली मिळवताना आडनाव कसं विचारलं जातं, याची इतकी बारीक नोंद आहे की समाजशास्त्राच्या पुस्तकात ती सापडणार नाही. सत्तरच्या दशकात हे वाचणाऱ्याला ते रटाळ वाटलं असेल, कारण ते रोज डोळ्यांसमोर होतं.

आज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण मोठ्या संख्येनं आहेत. नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले, घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणारे. ते मानधनही महिनोन्‌महिने रखडतं, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. सकाळी एसटीनं एका तालुक्याला, दुपारी दुसऱ्या. लग्नाच्या बैठकीत ‘पर्मनंट आहेत का’ हा पहिला प्रश्न. चांगदेवाला निदान पगार होता आणि राजीनामा फेकून दुसऱ्या गावची नोकरी धरण्याची सोय होती. यांच्यापैकी अनेक जण मराठीचे, इंग्रजीचे आहेत, वर्गात ‘कोसला’ शिकवतात, तिच्यावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहून देतात. त्यांनी एकदा वाचनालयातून ‘हूल’ काढून आणावी, ती नसेल तर मागवून घ्यावी, आणि चांगदेवाच्या पगाराच्या दिवसांची वर्णनं आपल्या मानधनाच्या बिलाशेजारी ठेवून वाचावीत.